माझ्यात अडकलेला आवाज

मी एक जुना संगणक आहे. शिरूर अनंतपाळच्या बाजारपेठेत सिद्रामप्पांचे भांड्यांचे दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीशेजारी एका टेबलावर मी बसलेला असतो. माझा पडदा लागतो, पंखा फिरतो, कळफलकावरची अक्षरेही शाबूत आहेत. बाहेरून पाहाल तर मी चांगला धडधाकट दिसतो. पण मित्रांनो, गेल्या दसऱ्यापासून मी माझ्याच घरच्या माणसांना आत घेत नाही. ज्यांचे मीठ खाल्ले, त्यांनाच विचारतो, तुम्ही कोण?

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण लातूरच्या एका दुकानातली आहे. सिद्रामप्पांचा मुलगा महांतेश मला न्यायला आला होता. दुकानदाराने मला चालू करून त्याच्या नावाचे खाते उघडले आणि मोबाईल नंबर मागितला. महांतेशने तेव्हा जो नंबर होता तो दिला. दुकानदार म्हणाला की आता चोराने जरी हा उचलून नेला, तरी त्याला आतले काही दिसायचे नाही. माझ्या पोटाला आतून कुलूप बसले होते आणि त्याची लांबलचक आकड्यांची किल्ली त्या दूरच्या खात्यात जाऊन पडली होती. मला त्या कुलपाचा मोठा अभिमान वाटला. गर्वाचे घर खाली, हे मला पुढे कळले.

घरी आल्यावर सिद्रामप्पांच्या पत्नी गौरम्मा यांनी मला ओवाळले. दुकानाची बिले मी करू लागलो. लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर कोरायची नावे आधी माझ्या पडद्यावर येत. शेजारचे दुकानदार उगीचच मला बघायला येऊन चहा पिऊन जात. मी भाव खात असे, खोटे कशाला बोलू?

पण त्या घरात खरा भाव होता सिद्रामप्पांच्या आवाजाला. बाजाराच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून गिऱ्हाइकाला हाक मारत, ती एसटी स्टँडपर्यंत जाई. श्रावणात मठात भजनाला तेच पुढे असत. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल. महांतेशची मुलगी सृष्टी तेव्हा पाळण्यात होती.

महांतेशच्या बायकोने, मंजुश्रीने, कुठूनसा एक छोटा माईक आणून मला जोडला आणि सासऱ्यांना माझ्यासमोर बसवले. "मामा, सृष्टीला मोठी झाल्यावर ऐकायला होईल," ती म्हणाली, "तुम्ही नुसतं बोला."

भर बाजारात बोलणारा माणूस माझ्यासमोर मात्र लाजला. पहिल्या दिवशी नुसते खाकरणेच माझ्या वाट्याला आले. मग हळूहळू ते मोकळे झाले. "शरणार्थ, सृष्टीबाई," असा नमस्कार करून सुरुवात करत. कल्हई नसलेल्या पितळेत चिंच का घालू नये, टिचकी मारून तडा कसा ओळखावा, हे त्या पाळण्यातल्या पोरीला समजावून सांगत. भजने म्हणत, गोष्टी सांगत. दवाखान्यात जायच्या सकाळपर्यंत ते बोलत होते, आणि मी ते सगळे जपून ठेवले.

ते परत आले तेव्हा गळ्याला एक छिद्र होते आणि त्यावर पांढरा रुमाल. बोलायचे असले की पाटीवर लिहीत.

सृष्टी मोठी होऊ लागली. दुपारी दुकानात वर्दळ नसली की आज्जा तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसत आणि मंजुश्री आवाज लावून देई. मी बोलू लागलो की सिद्रामप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत. सृष्टी मान वर करून त्या ओठांकडे बघत राही. आवाज माझ्यातून येतो, हे तिला पुष्कळ दिवस कळलेच नव्हते. एका करडाची गोष्ट तर ती रोज मागे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते. त्या वेळी मी यंत्र नव्हतो, त्या घरचा कुणीतरी होतो.

हे सगळे दुसरीकडे उतरवून ठेवू या, असे मंजुश्री एकदा म्हणाली होती. महांतेश हसला. "घरातच हाय की. कुठं पळून जायलंय?" मीही मनात हसलो.

गेल्या वर्षी पडद्यावर सूचना येऊ लागल्या की माझी कार्यप्रणाली जुनी झाली, नवी घ्या. महांतेश आज-उद्या करत राहिला आणि नेमके खंडेनवमीच्या सकाळी त्याने 'हो' दाबले. नवी प्रणाली माझ्यात उतरू लागली. पडद्यावर पांढरे वर्तुळ फिरत होते आणि खाली स्पष्ट लिहिले होते, संगणक बंद करू नका.

मित्रांनो, खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्याराने काम करायचे नसते. दुकानातला तराजू, हातोडी, भांड्यांवर नावे कोरायचे यंत्र, गौरम्मांची विळी, सगळे धुऊन पुसून पाटावर मांडले होते. पूजेला आलेल्या स्वामींना पुढे आणखी घरे करायची होती. विभूती लावत लावत सिद्रामप्पा माझ्यापाशी आले आणि फिरणारे वर्तुळ बघून थांबले. महांतेश म्हणाला, "अप्पा, जरा थांबा. त्याचं काम चालू हाय."

चालू हत्याराची पूजा त्या घरात कधी झाली नव्हती. सिद्रामप्पांनी हाताने खूण केली, बंद कर. महांतेशने एकदा स्वामींकडे पाहिले, एकदा वडिलांकडे, आणि भिंतीवरचे बटण खाली केले. मी अर्ध्यातच विझलो. मग सिद्रामप्पांनी माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, फूल ठेवले आणि मनापासून हात जोडले.

दसऱ्याच्या दुपारी आपट्याची पाने वाटून झाल्यावर सृष्टीने गोष्ट मागितली. मंजुश्रीने बटण दाबले. मी कसाबसा उठलो, पण आत सगळी उलथापालथ झाली होती. तिने नेहमीचा पिन टाकला. पिन उपलब्ध नाही, असे मी म्हणालो. महांतेशने मला बंद करून पुन्हा चालू केले, तेव्हा मी निळा पडदा पुढे केला आणि ती लांबलचक किल्ली मागितली. अशा किल्लीचे नावही त्या घरात कुणी ऐकले नव्हते.

किल्ली खात्यात होती. खात्याचा पासवर्ड कुणाला आठवेना. तो बदलायचा तर मोबाईलवर येणारा कोड हवा, आणि कोड जात होता महांतेशच्या जुन्या नंबरावर. त्या नंबराचे रिचार्ज त्याने कधीच सोडून दिले होते आणि कंपनीने तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. महांतेशला हे ठाऊक नव्हते. जुने सिम फोनमध्ये घालून, एवढ्यात येईल, तेवढ्यात येईल, म्हणून दिवसभर तो कोड मागत राहिला.

शेवटी त्याने त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे केरबा नावाचे गृहस्थ होते. मुदखेडच्या स्टेशनासमोर त्यांचे चहाचे हॉटेल होते. कोडचे नाव काढताच ते भडकले. असले आकडे कुणाला सांगायचे नसतात, एवढे मलाही कळते, म्हणाले. महांतेश काकुळतीला आला तेव्हा थोडे नरमले. समोर या, माणूस बघितल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाले.

बापलेक दुसऱ्याच दिवशी निघाले. नांदेडपर्यंत एसटी, तिथून मुदखेडला रेल्वे. केरबांनी सिद्रामप्पांच्या गळ्यावरचा रुमाल पाहिला, पाटीवर लिहिलेले वाचले आणि आपला मोबाईल पुढे केला. एकामागून एक कोड येताना पाहून त्यांना वाटले होते की कुणीतरी लुबाडायला बघत आहे. संदेशाखाली लिहिले होते, ही विनंती तुमची नसेल तर इथे दाबा. त्यांनी दाबले होते. त्यासरशी तो नंबर खात्यातून कायमचा निघाला होता; आता तिथेही कोड येणार नव्हता.

"कुनाचं वाईट होऊ न्हाई म्हनून दाबलो हो मी," ते म्हणाले. त्यांनी दोघांना जेवू घातले आणि स्टेशनात सोडायला आले. सगळी हकिगत महांतेशने घरी आल्यावर माझ्यासमोरच सांगितली.

लातूरच्या एका कारागिराने मला उघडून पाहिले. तो म्हणाला की किल्ली नसेल तर सगळे पुसून नव्याने सुरू करता येईल, पण आतले काही हाती लागणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे झाले. ज्या चोरासाठी माझे कुलूप होते तो कधी आलाच नाही.

मला पुसायला कुणी तयार झाले नाही. महांतेश वडिलांसमोर मान खाली घालून बसला. सिद्रामप्पांनी पाटीवर लिहिले, "तू थांब म्हणाला होतास." आणि त्याने वाचल्यावर ते तळहाताने पुसून टाकले.

मोबाईलमध्ये शोधाशोध झाली. महांतेशच्या लग्नाच्या चित्रफितीत सिद्रामप्पा पाहुण्यांना हाका मारताना दिसतात, पण बँडच्या दणक्यात ऐकू काहीच येत नाही.

आता माझ्यावर भांड्यांचे रिकामे खोके ठेवतात. असून अडचण, नसून खोळंबा, असा मी झालो आहे. मित्रांनो, यंत्राचे कुलूप आंधळे असते. त्याला मालक कळत नाही. यंत्रात बदल चालू असताना त्याची वीज तोडू नका. नंबर बदलला तर खात्यातही बदला. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या माझ्यासारख्याच्या भरवशावर ठेवू नका. हे सांगून मला आता काही मिळायचे नाही. आवाज अजून माझ्या पोटात आहे, शब्द न् शब्द आहे, आणि मला तो काढून देता येत नाही. याहून वाईट शिक्षा मला माहीत नाही.

परवा दुपारी सृष्टी आज्जाच्या मांडीवर बसली आणि म्हणाली की आज मीच तुला करडाची गोष्ट सांगते. घरणी नदीला पाणी येते, करडू पलीकडे राहते, हे तिने छान सांगितले. मग ती अडली. तिथे करडाची आई हाक मारते. ती हाक सिद्रामप्पा अशी काही काढत की सृष्टी खुदकन हसे, आणि ती ओळखूनच करडू पाण्यातून वाट काढत घरी येई. गौरम्मांनी आतून ती हाक काढून पाहिली. सृष्टी म्हणाली, "तसं न्हाई." तिने आज्जाकडे पाहिले. "आज्जा, कशी मारती हाक?"

सिद्रामप्पांनी तोंड उघडले. रुमालाखालून नुसती हवा आली.

सृष्टीने रुमालाची कड सारखी केली. "मग आईनं हाक मारलीच न्हाई," ती म्हणाली. "करडू तिकडंच राह्यलं."

तेव्हापासून ती ही गोष्ट अशीच सांगते.