करकरीत नोटांची उशी

चोर तुम्ही आहात. अलीकडचेही आणि पलीकडचेही. आणि तुमच्या पाठीशी बसून आमचा देश भाकरीसारखा मोडून वाटून घेणारे बडे, तेही. नावं घेत नाही. भितो म्हणून नव्हे, यादी संपायची नाही म्हणून. एका म्हातारीचा डोळा तुम्ही चोरलात. कसा, ते ऐकून घ्या.

हाएल ताइझ शहरात पाण्याच्या टाक्या वेल्डिंग करतो. त्याची आई, नाव तकिया, शेजारच्या हौबानला राहते. चालत गेलं तर अर्धा तास. नऊ वर्षांपूर्वी लढाईत शहर एडनवाल्यांकडे राहिलं, हौबान सनावाल्यांकडे गेलं, मधला रस्ता बंद झाला आणि अर्ध्या तासाचे डोंगरातून सहा तास झाले. त्या वाटेवर तरुण माणसं उचलली जात होती, म्हणून शेवटची पाच वर्षं हाएल गेलाच नाही. पैसे तेवढे पाठवत राहिला. मग यंदा जूनमध्ये, बकरी ईदच्या तोंडावर, रस्ता उघडला.

पहिल्याच सकाळी तो धुरावर धरलेलं ताइझचं पनीर घेऊन निघाला. आईनं दारातच त्याचं डोकं चाचपलं.

"केस कुठे रे? पहाऱ्यावर काढून घेतले का?"

"दिले मीच. म्हटलं, घ्या, आईला भेटू द्या."

ती हसली, पण त्याच्या खांद्यापलीकडे बघत हसली. उजव्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. डाव्यात धुकं होतं.

तो तिला तसाच हौबानच्या दवाखान्यात घेऊन गेला; डोळ्यांचा डॉक्टर आता तिथेच उरला होता. डॉक्टर म्हणाले, "उजवा गेला. डाव्याचं ऑपरेशन महिन्याभरात केलं तर तो वाचेल." बाहेर कारकुनानं आकडा सांगितला, दीड लाख रियाल.

"निदान एक लाख तरी आणा, बाकीचे मागाहून. आणि नोटा जुन्या. तिकडच्या नव्या आणल्यात तर मी आत जाईन आणि तुम्हीही."

हाएलला हे माहीत होतं. शहराच्या बाजूच्या सरकारनं छापलेल्या नव्या नोटांवर हौबानच्या बाजूनं काही वर्षांपूर्वी बंदी घातली होती; त्या इथे बाळगणं गुन्हा. घरातली शिल्लक त्यानं येण्याआधीच बदलून घेतली होती. तिकडचे साडेतीन देऊन इकडचा एक. असे चाळीस हजार हातात आले होते, चिकटपट्ट्या लावलेले, घामानं काळे पडलेले. जुन्या नोटा पुन्हा छापल्याच जात नाहीत. नोट चिंधी होईपर्यंत चालवायची आणि चिंधी झाल्यावरही चालवायची.

घरी येताना तो मनातल्या मनात आकडे जुळवत होता. आई मात्र खुशीत.

"तोंड का पाडलंस? तुझी आई श्रीमंत आहे."

तिनं दार लावून घेतलं आणि उशीची शिवण उसवली.

आमच्याकडे रीतच आहे. फाटकी नोट हाती आली की ती आधी खपवायची, पुढच्याच्या गळ्यात मारायची. कोरी नोट मागे ठेवायची. सासू सुनेला हेच शिकवते, बाप पोराला हेच सांगतो. तकियानं सगळा संसार याच रीतीनं केला. रस्ता बंद झाल्यावर हाएल ट्रकवाल्याच्या हाती पैसे पाठवायचा. त्यातल्या मळक्या नोटांचं तिनं पीठ आणलं, गॅस आणला. करकरीत नोटा बोटांनी ओळखून उशीत घातल्या. कुणाला सांगितलं नाही, दाखवलं नाही.

"एक लाख नव्वद हजार," ती म्हणाली. "वास घे. अजून छापखान्याचा वास येतो."

हाएलनं एक नोट खिडकीपाशी धरली. रंग जरा उजळ. क्रमांकापुढचं अक्षर वेगळं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्या नव्या.

खोटं बोलावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण कारकुनासमोर ते किती टिकणार?

"आई, या बंदीतल्या आहेत."

"असं कसं? बंदी तर नव्यांवर. माझ्या जुन्या. बंदीच्या आधीच्या आहेत त्या."

"नव्या त्याच्याही आधी दोन वर्षं निघाल्या होत्या. तुला दिसलं नाही."

ती बराच वेळ नोटांवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे खरी नोट मी खाल्ली आणि खोटी जपली?"

"खोटी नाही गं. दोन्ही खऱ्या. बँकेचं नाव एकच, देशाचं नाव एकच."

"मग माझंच का चुकलं?"

हाएलनं हिशेब केला. शहरात नेऊन बदलल्या तर चोपन्न हजार होतील. चाळीस आणि चोपन्न, चौऱ्याण्णव. सहा हजार कुणाकडूनही उसने मिळतील. डोळा वाचेल.

"मी येते," आई म्हणाली. "तुझे खिसे तपासतील. म्हातारीची उशी कोण उसवतंय?"

हौबानच्या पहाऱ्यावरच्या माणसानं उसवली. गालात चघळायच्या पानांचा लिंबाएवढा गोळा, वय तिच्या नातवाचं. नोटा बघून तो उडालाच.

"आजी, हे काय? शत्रूचं चलन!"

"अरे, मी शत्रूकडे घेऊन चाललेय ना! मग तुझं काय जातंय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरगा लाल झाला.

"जप्त. वरून हुकूम आहे."

"पावती दे."

"याची पावती नसते."

हाएल पुढे झाला, तशी बंदुकीची नळी त्याच्या छातीला लागली. तकियाला ती दिसली नाही, पण त्याचा अडकलेला श्वास ऐकू आला. ती रस्त्याच्या मधोमध खाली बसली.

"वरून म्हणजे कुठून रे पोरा? वर तर मला विमानंच ऐकू येतात. सनाहून? एडनहून? तेहरानहून, रियाधहून, की अमेरिकेहून? कुणीही असू दे. फोन लाव त्याला."

"आजी, उठा. गाड्या खोळंबल्यात."

"नऊ वर्षं खोळंबल्यात. आणखी थोडा वेळ खोळंबू देत. त्याला एवढंच विचार, करकरीत नोट जपली हा माझा गुन्हा असेल, तर ती छापली कुणी? आणि माझा डोळा कुणाच्या तिजोरीत जमा केलाय, ते सांग म्हणावं. ऐकल्याशिवाय मी उठत नाही."

मागचा ट्रकवाला खाली उतरला. "लाव की फोन," तो म्हणाला. त्याच्या मागचाही उतरला. पोरानं इकडे तिकडे बघितलं आणि फोन लावला.

वाजतोय तो. उचला. म्हातारी उत्तराची वाट बघते आहे.