टपमास्तर

नव्या गाडीचा कापडी टप शिवायला मास्तरांना अकरा महिने लागले. कारखान्याची सक्त ताकीद होती, त्यामुळे घरी त्यांनी अवाक्षरही काढलं नव्हतं. "तिथंच बघ," एवढंच सांगून आज गाडीच्या अनावरणाला बायकोला हट्टानं आणलं होतं.

पडदा सरला. टप दिसतोय न दिसतोय तोच मोठ्या साहेबांनी बटण दाबलं, आणि टप घडी होऊन मागच्या झाकणाखाली गडप झाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मेलं ते बटण! मास्तरांचा हात नकळत उठला, पण एवढ्या गर्दीत कुणापुढे बोंबलणार?

बायकोही मनापासून टाळ्या वाजवत होती.

"झकास आहे हो! आता तुम्ही काय केलंय, ते दाखवा ना."