नदीवर नाव घ्यायचं नाही

थंडीत नाम लिन नदी इतकी शहाण्यासारखी वागते की तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. फोंगसालीच्या डोंगरांतून उतरताना ती आटून नितळ होते, दगड उघडे पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरतं. ते धुवायचं, पातळ थापायचं, वर तीळ-लसूण पेरून उन्हात घालायचं. अलीकडच्या वाळूत बुआवानचं तेच चाललं होतं. तिची लेक सेंगदाव खोल धारेपलीकडे एका खडकावर पाठमोरी बसून शेवाळ ओरबाडत होती. तिथून पलीकडच्या काठाला पायदगडांची ओळ होती.

पाणी गढूळ झालेलं बुआवानला दिसलं. पाऊस नाही, ढग नाही, आणि गढूळ? वरच्या धरणाने पाणी सोडलं होतं. खाली माणसं राहतात, याची त्या भिंतीला काय पडलीय!

"बारके, पळ! काठावर पळ!"

पण नदीवर सगळ्याच मुली बारक्या. इथे कुणी कुणाचं नाव घेत नाही. नावाने हाक आली तर ती डोहातल्या नागाची. वळायचं नाही, ओ द्यायची नाही. वळणापलीकडच्या बायका सकाळपासून आपापल्या बारक्यांना हाका मारत होत्या. सेंगदावने मान वर केली नाही.

बुआवान पाण्यात घुसली. धारेने पाय उचलले, कसंबसं एक मूळ हाती लागलं आणि ती नाकातोंडात पाणी जाऊन मागे आली. पलीकडे पहिला पायदगड बुडाला. मग तिने नियम-बियम काही पाहिला नाही, जीव खाऊन ओरडली, "सेंगदाव! सेंगदाव!"

पोरीची पाठ ताठ झाली. ती वळली नाही, उलट अंग चोरून आणखी खाली वाकली. आईनेच शिकवलं होतं ना! बुआवानला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं.

दुसरा दगड गेला. आता नागाला ठाऊक नसलेलं काय ओरडू?

"अगं म्हशे! काल भाताची टोपली कोंबड्यांपुढे कुणी सांडली? आणि नाव कुत्र्याचं!"

सेंगदाव गर्रकन वळली. "कुत्र्यानेच सांडली!"

आणि मग तिला पाणी दिसलं.

ती उड्या मारत सुटली. शेवटचा दगड पाण्याखालीच होता. ती त्यावर घसरली, कमरेपर्यंत बुडाली, वेताचा बुंधा धरून वर चढली. शेवाळाची टोपली वाहून गेली.

पाणी ओसरल्यावर संध्याकाळी नावाड्याने तिला अलीकडे आणलं. बुआवानने आधी पाठीत धपाटा घातला आणि मग तिला घट्ट कवटाळलं.

"आई," पोर कुशीतून कुजबुजली, "नागाने मला नावाने हाक मारली. अगदी तुझा आवाज काढला गं. पण मी नाही वळले."

ती मीच होते, असं बुआवानच्या ओठांवर आलं. पण उद्याही पोर नदीवरच जाणार होती.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.