लेकीचं औषध

"अगं, मोजून मोजून डोळे जायचे तुझे!" सहकारीण तिला म्हणाली, तरी तिने पट्टी पुन्हा जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीवर टेकवली. मेलेल्या जंतूंचं वर्तुळ सतरा मिलिमीटर. शेजारचं वर्तुळही सतराच.

 एका वर्तुळात अल्कोहोलमध्ये काढलेल्या पाल्याच्या अर्कात बुडवलेली कागदाची टिकली होती, दुसऱ्यात नुसत्या अल्कोहोलची. जंतू दोन्हीकडे सारखेच मेले होते. म्हणजे सहा महिने जंतू मारत होतं ते अल्कोहोल, अर्क नव्हेच! टिकल्या पुरत्या वाळू द्यायच्या नाहीत आणि 'कशाला बशी वाया घालवा' म्हणून साध्या अल्कोहोलची टिकली वगळायची, हे शहाणपण तिचंच. तीस वर्षं या प्रयोगशाळेत झिजून चूक केली ती नवशिक्याची.

तिने साहेबांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. पण तिचा जीव घरी अडकला होता. म्हातारपणी अंगात ताकद राहावी म्हणून याच अर्काचे थेंब ती बाबांना रोज पाण्यातून देई. आता तीन दिवस त्यांना ताप होता, छाती कफाने भरली होती आणि डॉक्टरांच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच पडल्या होत्या. "तुझा अर्क असताना ही भानगड कशाला?" असं ते म्हणाले, तेव्हा ती मनातून सुखावली होती.

घरी बाबा उशीला टेकून खोकत होते. उशाशी रुंद तोंडाची बाटली. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'लेकीचं औषध'. येईल त्याला कौतुकाने दाखवायचे.

"बाबा, यात काही नाही हो. माझंच चुकलं."

"काही नाही म्हणजे?"

"नुसतं कडू पाणी. मी नीट तपासलंच नाही."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "मग मला बरं वाटायचं, ते?"

तिला रडूच फुटलं.

"बरं, बरं. रडतेस काय लहान पोरीसारखी? आण त्या गोळ्या."

तोंड वाकडं करत त्यांनी एक गिळली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी ती कामावरून थकून आली. बाटली उशाशीच होती, धुऊनपुसून कोरडी केलेली. आत डॉक्टरांच्या उरलेल्या गोळ्या होत्या. चिठ्ठी तशीच.

बाबांनी बाटली खुळखुळवून तिच्यापुढे धरली.

"वेळ झाली. दे."