एकोणिसाव्या थडग्यातली दाढ

आमच्या प्रयोगशाळेतल्या स्लाविकाला त्या एका दाढेतून दोन गोष्टी मिळायच्या होत्या. एक म्हणजे डॉक्टरेट. दुसरी जास्त मोलाची: डॅन्यूब नदीच्या आमच्या घळईत आठ हजार वर्षांपूर्वी मासे मारून जगणारे लोक एकाच रक्ताचे नव्हते, त्यांच्यातली निदान एक बाई पूर्वेकडच्या शिकारी टोळ्यांतून आली होती, हे सिद्ध करण्याचा मान. बाईची कवटी केव्हाच गहाळ झालेली. संग्रहालयाच्या पेटीत उरली होती ती एवढी दाढ. डीएनए काढायला दळली की संपली, म्हणून परवानगीही एकदाच.

सहा महिने तिने आम्हा सगळ्यांना मास्क आणि दुहेरी हातमोजे घालायला लावले. कुणी शिंकलं तरी ती अशी बघायची, जणू त्याने खूनच केलाय.

निकाल आला. दाढेतला निम्म्याहून जास्त डीएनए आजच्या माणसाचा, आणि तोही पुरुषाचा. मग पेटीला हात लावलेल्या प्रत्येकाची थुंकी तिने तपासली, माझीसुद्धा. कुणाचीच जुळेना. उरले वुकाशिन काका. धरणाचं पाणी चढायच्या आधी ते थडगं त्यांनीच उकरलं होतं. त्यांची जुळली.

ती त्यांच्या घरी गेली तेव्हा काका अंगणात रकिया नावाच्या दारूसाठी प्लम निवडत बसले होते. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलंच नाही. चाळणीतला तुकडा हाड की दगड, हे त्या काळी सगळे जिभेलाच विचारत. हाड चिकटतं, दगड सुटतो.

"म्हणजे तुम्ही ती चाटलीत, काका?"

"चाटली कसली, दुपारभर गालात धरली होती. खिशाला भोक, दोन्ही हातांत टोपल्या, आणि पाणी चढत होतं. मी तोंडात ठेवली म्हणून तुला पेटीत मिळाली, पोरी. नाहीतर आज ती माशांकडे मागावी लागली असती."

म्हातारा खरं बोलत होता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. परत येऊन तिने तीन आठवडे आकडेमोड करून काकांना दाढेतून वजा करून पाहिलं. उरलं ते इतकं विरळ, की बाई पूर्वेची होती की इथलीच, काहीच ठरेना. मार्गदर्शकांनी प्रबंधातलं ते प्रकरण गाळायला सांगितलं.

तर हिशेब असा. प्रयोगशाळेचे सहा महिने गेले, स्लाविकाची चार वर्षं. काकांचं काहीच गेलं नाही. उलट स्वतःच्या थुंकीचा अहवाल मागून घेऊन, त्यात शिकारी पूर्वजांचा थोडा अंश निघाला म्हणून ते तो गावभर दाखवत फिरले. सगळ्यात जास्त किंमत मोजली त्या बाईने. तिची शेवटची दाढ गेली, आणि प्रबंधाच्या तळटीपेत तिच्या थडग्याच्या क्रमांकापुढे एवढंच छापलं गेलं: निष्कर्ष नाही.