मे महिन्यातला धबधबा

शाळेला सुट्टी लागली की स्नेहलची बस अंगणात उभी राहायची आणि स्नेहलला करमेनासं व्हायचं. पनवेलजवळ विचुंब्यात तिचं घर. नवरा धनेश विटा-रेतीचा धंदा करायचा. सतरा सीटची मिनीबस मात्र तिची स्वतःची होती आणि चालवायचीही तीच. सकाळी नव्या सोसायट्यांच्या गेटवरून मुलं उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची, असं नऊ वर्षं चाललं होतं. पण एवढी वर्षं स्टिअरिंग हातात असून पळस्प्याच्या पलीकडे ती आपल्या मर्जीनं कधी गेली नव्हती. गेली असेल ती कुणाच्या लग्नाला नाहीतर बारशाला, तीही धनेशच्या मोटारसायकलवर मागे बसून.

त्यामुळे एप्रिल संपता संपता सत्यजीत तिच्या दारात आला, तेव्हा तो बसायच्या आधीच तिनं चहा टाकला. सत्यजीत म्हणजे रेवाचे बाबा. चौथीतली रेवा रोज स्नेहलच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसायची. माणूस ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला, बोलणं नेमकं, हातात सतत मोबाइल.

"स्नेहलताई, सोसायटीतली आम्ही चौदा जणं एका दिवसाच्या सहलीला जायचं म्हणतोय. तुम्ही न्याल का? रविवारी, आठ दिवसांनी."

"न्यायला काय झालं. कुठं जायचं ठरलंय?"

त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत हिरवागार डोंगर होता आणि त्याच्या कड्यावरून पांढराशुभ्र धबधबा कोसळत होता. "कर्नाळ्याच्या थोडं पुढे आहे. 'उन्हाळ्यात फिरण्यासाठी निसर्गरम्य ठिकाणं' म्हणून यादी आली होती, त्यात हा पहिला होता. आईला पाणी बघायचंय."

स्नेहलनं फोटो पाहिला आणि जागा लगेच ओळखली. तो धबधबा तिच्या चुलत नणंदेच्या गावाच्या वरच होता. पावसाळ्यात वाहतो तो दिवाळीपर्यंत. मे महिन्यात तिथं काळा कातळ असतो आणि त्यावर ऊन खात बसलेली वानरं.

"आता जरा पाणी कमी असेल हो," ती म्हणाली.

"कमी असलं तरी चालेल. मुलांना बरंच की," असं म्हणून सत्यजीतनं यादीतलं पुढचं वाचायला घेतलं.

तेव्हाच तिनं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तो उठून गेला असता, दुसरं ठिकाण आणि दुसरी गाडी शोधली असती, आणि बस जूनपर्यंत अंगणात तापत राहिली असती. उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परवा सांगू. शनिवारी तिनं बस धुतली, पडदे धुतले, पुढच्या काचेला झेंडूची माळ लावली, आणि आता सांगण्यात अर्थ नाही असं स्वतःला बजावून झोपली.

रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या गेटवर चौदाही माणसं हजर होती. सगळ्यांत पुढे सत्यजीतची आई, रमाकाकू. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, मूळच्या बार्शीच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या, त्याला सहाच महिने झाले होते. त्यांनी नवं फिकट निळं पातळ नेसलं होतं. स्नेहलनं हात देऊन त्यांना वर चढवलं, तसं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी गुडघ्याएवढं तरी असेल ना गं? आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला आलं तरी सण वाटायचा. मला नुसते पाय सोडून बसायचंय."

स्नेहल "बसा काकू" एवढंच म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.

मागे गाण्यांच्या भेंड्या रंगल्या. पुढच्या सीटवरून रेवा तिला पाण्यात खेळायचे बेत सांगत होती. स्नेहलला आरशात रमाकाकूंचा चेहरा दिसत होता. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि उगीचच हसत होत्या. पळस्प्याच्या फाट्यावर सिग्नल सुटला, बस गोव्याच्या रस्त्याला लागली, आणि स्नेहलनं अचानक ती कडेला घेऊन एका रसवंतीसमोर उभी केली. इंजिन बंद केलं. भेंड्या थांबल्या.

ती उठून मागे वळली. शाळेच्या पालकांशी बोलताना ती नेहमी जपून, शुद्ध बोलायची. आता ते सगळं गळून पडलं.

"तिथं पानी नाय," ती म्हणाली. "त्यो धबधबा पावसाळ्यातला हाय. आता निस्ता दगड हाय तिथं. मला पयल्या दिवशीच ठाव होतं. मी बोलली नाय. माझी चूक हाय."

मग सत्यजीत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"आठ दिवस होते तुमच्याकडे, ताई."

"व्हते."

"मी चौदा जणांना सांगितलं. डबे झाले, मुलांचे कपडे घेतले. तुम्ही फोन तरी करायचा."

"खरंय तुमचं," स्नेहल म्हणाली. "मला गाडी काढायची व्हती. घरी बसून जीव आंबला व्हता माझा. म्हनून गप बसली."

मागून कुणीतरी म्हणालं, परत फिरूया. कुणी म्हणालं, मॉलमध्ये जाऊ, निदान गारवा तरी असेल. रेवानं रडायची तयारी केली. तेवढ्यात रमाकाकू उठल्या आणि सीटच्या दांडीला धरून म्हणाल्या, "सत्या, ती 'पाणी कमी असेल' म्हणाली होती, तू मला सांगितलं होतंस. तूही पुढं विचारलं नाहीस. आता बस खाली." मग स्नेहलकडे वळल्या. "तू इथलीच ना? मग तुला ठाऊक असेल. आज, या घडीला, जाण्यासारखं कुठं आहे?"

नऊ वर्षांत स्नेहलला असं कुणी विचारलं नव्हतं. तिला एकच माणूस आठवलं. चिरनेरच्या पलीकडे तिची मावशी राहायची, हौसा. मावशीच्या गावची जत्रा वैशाखात असते, हेही आठवलं. पण नेमकी कधी, ते माहीत नव्हतं. लहानपणी ती दरवर्षी जायची. लग्न झाल्यापासून सुटलं होतं.

तिनं तिथंच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशे, मी स्नेहल."

"कोन स्नेहल?" पलीकडून आवाज आला. "माझी भाची व्हती एक त्या नावाची. तिला येऊन पंधरा वरसं झाली. ती मेली का जिती हाय, मला ठाव नाय."

बसमध्ये कुणीतरी हसलं.

"मावशे, जत्रा कवा हाय?"

"आज हाय. पालखी निघंल आता दहाच्या ठोक्याला. का गं?"

स्नेहलनं मागच्या सीटांवर नजर फिरवली. "माझ्याबरोबर चौदा मानसं हायत. आनू काय?"

"चौदाच?" हौसामावशी म्हणाली. "मी पन्नासांचा भात टाकलाय. ये लवकर." आणि फोन ठेवला.

बस सुरू झाली. सत्यजीत खिडकीशी तोंड करून बसला होता. थोडं पुढे गेल्यावर स्नेहलनं गोव्याचा रस्ता सोडून उजवीकडे चिरनेरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना झाडं दाटली. काजूचा वास येऊ लागला. वाटेत एका बाईकडे पळसाच्या पानात करवंदं होती. स्नेहलनं गाडी थांबवून सगळी उचलली आणि मागे दिली. "माझ्याकडनं," म्हणाली. सोसायटीतल्या मुलांनी करवंद पहिल्यांदाच खाल्लं. सगळ्यांची बोटं चिकट झाली आणि रडण्याचा विषय मागे पडला.

गावाच्या वेशीवरच त्यांना पालखी भेटली. गावदेवीची पालखी, झेंडूनं मढलेली, पुढे ढोल आणि बेंजो, मागे हिरव्या-पिवळ्या लुगड्यांतल्या बायका. पालखी दारोदार थांबायची. प्रत्येक दारात बाई घागर घेऊन उभी असायची आणि पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर गार पाणी ओतायची. ऊन असं होतं की त्या पाण्याची वाफ होईल. ते बघून रेवा आणि तिच्या दोन मैत्रिणी चपला काढून पालखीवाल्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. बायकांनी न विचारता त्यांच्याही पायांवर पाणी ओतलं, आणि एकीनं डोक्यावरही ओतलं.

तेवढ्यात पालखीच्या एका दांड्याखालचा माणूस मांडीत गोळा येऊन मटकन खाली बसला. पुढच्या माणसानं आजूबाजूला बघितलं. जवळ उभा असलेला, उंच आणि धडधाकट माणूस म्हणजे सत्यजीत.

"भाऊ, जरा खांदा द्या."

"मी? मला नाही जमणार. मी कधी..."

"आमी पन आईच्या पोटातून शिकून नाय आलो. घ्या."

त्यानं खांदा दिला. पहिली दहा पावलं तो नुसता चाचपडत होता. मग ढोलाचा ठेका बदलला, पालखी नाचवायला लागले, आणि पालखी नाचली की दांड्याखालच्या माणसालाही नाचावंच लागतं. ऐरोलीच्या कंपनीतला तो नेमका माणूस गुडघे वाकवून नाचत होता आणि सोसायटीतली माणसं तोंडात बोटं घालून बघत होती. पुढच्या दारात त्याच्या पायांवर पाणी पडलं, तेव्हा तो हसला. आठ घरं झाल्यावर दुसरा माणूस आला, तरी तो दांडा सोडायला तयार नव्हता.

हौसामावशीनं भाचीला आधी डोळे भरून पाहिलं, मग पाठीत एक धपाटा घातला. "वाळलीस," म्हणाली. जेवायला पंगत मांडवात बसली. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं, आणि ज्यांना चालत होतं त्यांना सुकट. सोसायटीतून आणलेले डबे उघडून मध्ये ठेवले, ते गावातल्या बायकांनी संपवले. रमाकाकूंच्या डब्यातले ज्वारीचे धपाटे हौसामावशीनं स्वतःकडे ओढून घेतले आणि एकही कुणाला दिला नाही.

दुपारी सगळे आंब्याच्या सावलीत आडवे झाले, तेव्हा स्नेहल मावशीच्या कानाला लागली. "मावशे, त्या काकूंना पान्यात पाय घालायचेत. बार्शीच्या हायत त्या. सहा महिने झाले पनवेलात येऊन, पन दर्या बघितला नाय अजून."

"दर्या नाय बघितला?" हौसामावशी उठूनच बसली. मग तिनं बोटांवर मोजलं. "आज अष्टमी. सांच्याला सहाच्या सुमारास भरी भरती लागंल. आता गेलीस तर चिखल बघशील. पाचला निघू."

"निघू म्हंजे?"

"म्हंजे मी पन येतंय."

ती आली. बसमध्ये ती रमाकाकूंशेजारी बसली आणि उरणच्या बाजूच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तिनं त्यांना आपल्या तिन्ही सुनांची माहिती दिली. किनाऱ्यावर ताडगोळेवाले बसले होते. मुलं आधीच धावत सुटली. रमाकाकू मात्र वाळूवर येऊन थांबल्या. समोर भरतीचं पाणी पसरलं होतं आणि उन्हं कलली होती.

"एवढं असतं होय," त्या म्हणाल्या.

"एवढंच दिसतं. त्याच्या मागं लय हाय," हौसामावशी म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. दोघी पातळ-लुगडं आवरून पाण्यात गेल्या. पहिली लाट घोट्यांवरून गेली तशा रमाकाकू दचकल्या, दुसरीला हसल्या, आणि चौथी गुडघ्यांच्या वर आली तेव्हा निळं पातळ कमरेपर्यंत भिजलं. त्या बाहेर यायचं नाव घेईनात. सत्यजीत त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होता, आई पडेल या भीतीनं. शेवटी तोच पडला.

स्नेहल बसच्या पायरीवर बसून बघत होती. कुणीतरी गाडीजवळ थांबायला हवं, अशी तिची नऊ वर्षांची सवय. सत्यजीत निथळत तिच्यापाशी आला.

"ताई, मी सकाळी जास्त बोललो."

"बरोबरच बोललात. मी सांगायला पायजे व्हतं."

"हो, पायजे व्हतं," तो म्हणाला, आणि आपण कसं बोललो ते लक्षात येऊन हसला. "पुढच्या वेळी ठिकाण तुम्ही सांगा. मी फक्त माणसं गोळा करतो. आणि आता उठा. गाडी कुठे जात नाही."

स्नेहलनं किल्ली काढली, दार लावलं आणि पाण्याकडे निघाली. हौसामावशीनं तिला येताना पाहिलं आणि ओंजळ भरून तयारच ठेवली.

त्या मे महिन्यात स्नेहलची बस आणखी तीन रविवार बाहेर पडली. एकदा पहाटे कर्नाळ्याच्या जंगलात पक्षी ऐकायला, एकदा जांभळं खायला, आणि एकदा नुसतंच खाडीकाठी. रमाकाकू पहिल्या दोन्ही फेऱ्यांना होत्या. तिसऱ्या फेरीआधी त्यांनी पिशवी भरली आणि मुलाला सांगितलं की आपण चार दिवस हौसाकडे राहायला जातोय, तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवायचीय. चार दिवसांचे अकरा झाले. स्नेहल त्यांना आणायला गेली, तेव्हा दोघी परातीसमोर बसून भांडत होत्या. हौसामावशी म्हणत होती, पीठच खोटं हाय. रमाकाकू म्हणत होत्या, पीठ चांगलं आहे, तुझा हात जड आहे. स्नेहल उंबऱ्यात उभी राहिली, तरी दोघींपैकी कुणीही वर बघितलं नाही.

"तू बस जरा," शेवटी रमाकाकू म्हणाल्या. "ही भाकरी फुगली की निघू."