दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

फादरांचं पत्र आलं त्याला आता वर्ष होत आलं. कित्येक महिने मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर न दिलेल्या पत्रांनी माझ्या टेबलाचा एक खण भरला आहे, पण ती सगळी राहून गेलेली. याचं उत्तर मात्र मी ठरवून, विचार करून आणि खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानं दिलं नाही.

पत्र फार सभ्य होतं. माझी पूर्वीची बायको बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक होऊ इच्छिते, असं फादरांनी लिहिलं होतं. तिला शिकवण देऊन झाली होती, तिची श्रद्धा खरी होती, अडचण फक्त माझी होती. कोर्टानं आम्हाला घटस्फोट दिला होता, चर्चनं नव्हे. आमचं लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालेलं, आम्हा दोघांपैकी कुणी चर्चची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं. तरी चर्चच्या लेखी ते लग्न पक्कं होतं आणि ती अजून माझीच बायको होती. ज्या माणसाशी ती वीस वर्षं संसार करते आहे, तो बिचारा जन्मानं कॅथलिक असूनही तिचा कुणी लागत नव्हता.

हे वाचून मला बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. पण वाटलं खरं. माझ्या लग्नाला इतक्या गंभीरपणे आजवर कुणी घेतलं नव्हतं. माझ्या ताईनं तर मांडवातच, म्हणजे रजिस्ट्रारच्या बाकावरच, 'बघू किती टिकतंय' असं म्हटलं होतं.

तोड पुढच्या परिच्छेदात होती. दोघंही बाप्तिस्मा न झालेले असताना लागलेलं लग्न सुटू शकतं. एकानं बाप्तिस्मा घ्यायचा आणि दुसऱ्याला त्याच्यासोबत राहायचं नसावं. म्हणून त्या दुसऱ्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, तुम्हालाही बाप्तिस्मा घ्यायची इच्छा आहे का? दुसरा, नसेल तर निदान तिच्या श्रद्धेला न दुखावता तिच्यासोबत शांततेनं नांदायची तुमची तयारी आहे का? दोन्हींना 'नाही' आलं की ती मोकळी. मग तिचं आणि तिच्या नवऱ्याचं लग्न चर्चमध्ये लावता येईल. शेवटी एक ओळ होती. मुदतीत उत्तर न आल्यास आपलं मौन हा नकार समजला जाईल.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. याच न्यायानं मी सोसायटीचा खजिनदार झालो होतो, याच न्यायानं भाचीच्या साखरपुड्यात भाषणाला उभा राहिलो होतो, आणि माझं लग्नही बहुधा याच न्यायानं झालं होतं. आणि इथे शेवटी अशी माणसं भेटली होती, ज्यांना माझं मौन नकार म्हणून चालणार होतं. तिला जे हवं होतं नेमकं तेच मला जमत होतं. मी पत्र खणात ठेवलं आणि मोठ्या मनाचा माणूस झालो.

मी सूचीकार आहे. जाड पुस्तकांच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते, ती करण्यात माझा जन्म गेला. स्वतः एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्यांच्या ओळी कुठे सापडतील ते सांगितलं. अजूनही कुणी काम आणून दिलं तर करतो. गेल्या महिन्यात एका सकाळी मी असाच टेबलाशी बसलो असताना ती आली. जिना चढून दमली होती. दारातच म्हणाली,

"खुर्ची रिकामी कर."

दुसऱ्या खुर्चीवर शब्दकोश होते. मी ते उचलायला लागलो तर कुठे ठेवावेत ते कळेना.

"राहू दे," ती म्हणाली आणि शब्दकोशांवरच बसली. त्यामुळे ती माझ्यापेक्षा बरीच उंच झाली. "पत्र मिळालं होतं?"

"हो."

"मग?"

"मुद्दामच नाही दिलं उत्तर. त्यात लिहिलंय ना, मौन म्हणजे नकार. म्हटलं, तुझं काम होऊन जाईल."

तिनं डोळे मिटले. आमच्या संसारातही ती असे डोळे मिटायची, तेव्हा मला वाटायचं तिचं डोकं दुखतंय.

"झालं असतं. मुदत संपली तेव्हा फादर म्हणाले, चला, नकार धरू. मीच नको म्हटलं."

"का?"

"कारण तुझं मौन म्हणजे नकार नसतो. मी फादरांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, फादर, अकरा वर्षं मी ह्या माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात घालवलीत. चहा हवा का विचारलं तर गप्प, म्हणजे हवा. पडदे निळे घेऊ का विचारलं तर गप्प, म्हणजे नको, पण ते पडदे लावल्यावर कळायचं. असल्या गप्प बसण्यावर मी देवाच्या दारात जाणार नाही. मला त्याच्या हातचं लिहिलेलं पाहिजे."

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, कायदा इतका पुढे जात नाही. मी म्हटलं, मी जाते."

मी हसलो. ती हसली नाही.

"तर लिही. दोन ओळी. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही. खाली सही."

मी कागद घेतला. पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ते सोपं होतं. मला सोसायटीच्या सभेत बसवत नाही, तिथे चर्चच्या प्रार्थनेला कुठला बसतोय. दुसऱ्यापाशी पेन थांबलं.

"काय झालं?"

"हे खरं नाही."

"काय खरं नाही?"

"तयारी आहे का विचारलंय. शांततेनं राहायची." मी टेबलाकडे बघत बोललो. "म्हणजे… मला असेल. विचारलंच तर."

तिनं वरून वाकून कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वीस वर्षांनी सांगतोस?"

"आधी कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारलं होतं! ह्याच दारात. बॅग हातात घेऊन. म्हटलं, जाऊ का मी? आठवतंय काय म्हणालास?"

आठवत होतं. जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून उतर, असं म्हणालो होतो. दिवा खरंच गेला होता.

ती उठली. वरचा कोश घसरला, तिनं तो सवयीनं पकडून नीट ठेवला.

"हे बघ, तू 'हो' लिहिलंस तर ते लग्न तसंच राहील. मला बाप्तिस्मा घेऊन ह्यांच्याशी राहता येणार नाही, आणि ह्यांना सोडायची तर मी नाही. म्हणजे जन्मभर बाकावर, बाकीचे प्रसाद घ्यायला पुढे जातात ते बघत. तुझ्याकडे काही मी परत येत नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि माझ्यासाठी म्हणून खोटं 'नाही' लिहू नकोस. खोट्यावर बाप्तिस्मा नकोय मला. काय खरं असेल ते लिही. पण लिही."

ती गेली. जिन्यात आता दिवा आहे.

मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून मोठी, आणि तिचं मत फोन उचलायच्या आधी तयार असतं.

"अरे, मग पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हण ना!" ती म्हणाली. "पाणी शिंपडून घे डोक्यावर. बायको परत. खर्च काही नाही."

"ताई, हा चेष्टेचा विषय नाही."

"चेष्टा तूच करतोयस. एका शब्दाचं उत्तर, त्यासाठी तू आता ग्रंथ वाचत बसशील."

मी वाचतच होतो. चर्चच्या विवाहविषयक कायद्यावर एक पुस्तक आणलं होतं. त्याची सूची इतकी वाईट होती की 'नकार' हा शब्दच तिच्यात नव्हता. मी पेन्सिलनं घातला.

शेवटी एका रविवारी मी चर्चमध्ये गेलो. श्रद्धेनं नाही, ती जन्मभर बाकावर म्हणाली होती, तो बाक मला पाहायचा होता. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसलो. ती दोघं मधल्या रांगेत होती. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. माझाच चष्मा दुरुस्तीला टाकायला ती त्याच्याकडे जायची. त्या काळात माझा नंबर फार भराभर बदलत होता. अजूनही माझे चष्मे तोच करतो. त्यामुळे मी त्या दोघांना पाहत होतो ते त्यानंच घासलेल्या काचांमधून, आणि फार स्वच्छ दिसत होतं.

त्यांचं भांडण चाललं होतं. गाण्याचं पुस्तक एकच होतं आणि त्यानं भलतंच पान काढलं होतं. तिनं पुस्तक ओढून घेतलं. त्यानं परत घेतलं. तिनं कोपरानं ढोसलं, तो काहीतरी पुटपुटला, आणि तिचे खांदे हलायला लागले. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं तेव्हा दोघं फळ्याकडे बघणाऱ्या शहाण्या मुलांसारखी समोर बघू लागली.

आमच्या अकरा वर्षांत तिनं मला एकदाही कोपरानं ढोसलं नव्हतं. आमच्या घरात इतकी शांतता होती की मजल्यावरचे लोक आमचं उदाहरण द्यायचे.

मग ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. माणसं उठून रांगेत जायला लागली. तिच्या बाकावरची माणसं उठली तेव्हा त्या दोघांनी गुडघे एका बाजूला वळवले, बाकीच्यांना वाट करून दिली, आणि बसून राहिली. किती सवयीनं वळवले ते गुडघे! त्याचा उजवा गुडघा दुखरा असावा. त्यानं तो हातानं उचलून वळवला. हा माणूस लहानपणापासून त्या रांगेत जात असणार. तिच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून तो वाट करून देतो आहे.

माझ्या बाकावरच्या तरुणानं मला विचारलं, "काका, जायचंय ना पुढे?"

"नाही," मी म्हणालो आणि माझेही गुडघे वळवले.

सगळं चर्च उठून पुढे गेलं. रिकाम्या बाकांमध्ये आम्ही तिघंच बसलेले होतो, आणि तिघांनाही माझ्या न लिहिलेल्या एका शब्दानं अडवून ठेवलं होतं. खांबाचा आता काही उपयोग नव्हता. तिनं मागे वळून पाहिलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. हात वर करून तिनं हवेत दोनतीन रेघा ओढल्या, हॉटेलात वेटरकडे बिल मागताना ओढतात तशा. लिही.

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. 'शांततेनं नांदायची तयारी आहे का?' माझ्या धंद्यात एखादी नोंद फार मोठी झाली की तिच्या पोटनोंदी कराव्या लागतात. तशा केल्या. शांततेची तयारी होती. आधीही होती, आजही आहे. नांदण्याची नव्हती. नांदायचं तर पुस्तक ओढून घ्यावं लागतं. मला ते कधी सुचलंच नाही. मी पुस्तक आपणहून देऊन टाकलं असतं, आणि पान बरोबर काढून.

खोली पुन्हा एकदा पाहिली. ती आली तर, असं मनात धरून. त्या सकाळी दुसऱ्या खुर्चीवर ती शब्दकोशांवर बसली होती, आणि मी ते ठेवायला जागा शोधत होतो. आजही जागा सापडली नसती.

मी दुसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ते खरं आहे असं मला वाटलं. आपली सोय बघून खरं वाटलं असेल, अशी शंकाही लगेच आली, म्हणून खुलाशाचं एक टिपण जोडलं. टिपण वाचल्यावर ते काढून टाकलं. फादरांनी खुलासा मागितला नव्हता, आणि तिला तर खुलासा नको, एक शब्द हवा होता. शेवटी एवढंच लिहिलं: उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. दोन्ही प्रश्न पूर्ण वाचून, समजून लिहीत आहे. सही केली.

टपालपेटी आमच्या कोपऱ्यावरच, औषधाच्या दुकानासमोर आहे. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबलो. पत्ता बरोबर होता. तिकीट बरोबर होतं. पाकीट मात्र बोटांतून सुटेना. माझ्या मागे एक बाई आपलं पत्र घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घड्याळात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळात पाहिलं.

"आजोबा, टाकायचंय ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो, आणि सोडलं.